चाड्यावरची मूठ

आमच्या घरात माझ्या उजव्या मुठीला मान होता. तिवस्याच्या पलीकडं, नागपूर रस्त्यापासून आत दीड कोसावर आमचं काळं वावर, आणि पेरणीला चाड्यावर मूठ धरायची ती मीच. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिफणीवर एक लाकडी वाटी बसवलेली असते, तिला चाडं म्हणतात; तिच्यातून तीन नळ्या खाली मातीत जातात. ज्वारीनं भरलेली मूठ त्या चाड्यावर धरायची आणि बोटांच्या फटींतून दाणे सोडत बैलांच्या मागं चालायचं. जास्त सुटले तर पीक दाटतं, कमी सुटले तर ओळीत मोकळ्या जागा पडतात, त्यांना खाडे म्हणतात. बोटं किती सैल ठेवायची हे कुणी शिकवत नाही. बाबा लोकांना सांगत, "याच्या हातात घड्याळ हाय." मी बावीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार मोठा समजत होतो.

त्याच हातानं मी एका माणसाला मारलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्या हाताचे हाल वाचून कुणाला माझी कीव यायला नको.

एकोणीसशे सत्तावन्नचा उन्हाळा. आमच्या गोठ्यात एक बैल मेला. मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम गावात पिढ्यान्‌पिढ्या एकाच वस्तीवर टाकलेलं होतं. ती वस्ती आदल्या वर्षी नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती आणि आल्यावर त्यांनी हे काम सोडलं होतं. आम्हाला ते ठाऊक होतं. तरीही बाबांनी सांगावा धाडला, कारण दुसऱ्याच्या बैलाला नाही म्हणतील, आपल्या बैलाला कसे म्हणतील, अशी आमच्या घराची समजूत होती. बैल दीड दिवस तसाच पडला, पोट फुगलं, माश्या आल्या. मग तिकडून एक जण आला. माझ्याच वयाचा. चौथीपर्यंत आम्ही एका शाळेत होतो. मी आत बसायचो, तो पडवीत. पुढं तो अमरावतीला जाऊन मॅट्रिक झाला आणि मी सातवीतच घरी बसलो. हेही मला खुपत होतं, खोटं कशाला बोलू.

तो अंगणात उभा राहिला आणि अगदी सरळ म्हणाला, "पाटील, आमी ते काम सोडलं. तुमचाच बैल म्हणून नाही. कोणाचाच ओढत नाही."

बाबा म्हणाले, "मंग काय आमी ओढावं?"

"तुमचा बैल हाय. तुमी ओढला त काय बिघडते?"

अंगणात जमलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. आमच्याच भाऊबंदांतलं होतं ते, पण हसणं आमच्यावर होतं. मी बाजूला उभ्या असलेल्या बंडीची उभारी उपसली. बंडीच्या कडेला जे जाड दांडे उभे ठोकतात ती उभारी. गावात भांडण झालं की हात आधी तिच्याकडं जातो. पहिला फटका माझा. मग बाकीचे पाचसहा जण आले, कुणी लाथा घातल्या, कुणी उभाऱ्या काढल्या.

त्यानं दोन्ही हात डोक्यावर आडवे घेतले आणि तो खाली बसला. मी डोक्यावर मारत होतो आणि लागत होतं त्याच्या हातांवर. कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडते तसा आवाज दोनदा आला. तो ओरडला नाही. प्रत्येक फटक्याला नाकातून श्वास सोडत होता, तेवढाच आवाज. त्याचं न ओरडणं मला सहन झालं नाही. मी खाली वाकून उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि हात डोक्यावरून ओढून काढायला लागलो, म्हणजे पुढचा फटका नेमका बसेल. त्याच्या कोपराकडून आलेलं रक्त माझ्या मनगटावरून बोटांत उतरलं. ते इतकं गरम असेल असं मला वाटलं नव्हतं. तरी मी उभारी पुन्हा उचलली. बाकीचे थांबले होते. मी थांबलो नव्हतो.

"सोड आता," बाबा ओरडले, "मरून राहिला तो."

मी सोडत होतो. मनानं मी उभारी केव्हाच टाकली होती, बोटं टाकत नव्हती. शेवटी दोघांनी माझी बोटं एकेक करून उकलली आणि उभारी काढून घेतली. ती काढल्याबरोबर बोटं पुन्हा मिटली. सगळे हसले. पोट्टा तापला, म्हणाले.

तो मेला नाही. बंडीवरून पडला असं पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं. चौथ्या दिवशी त्याच्या घरच्यांनी सामान बंडीत टाकलं आणि दिवसाढवळ्या, आमच्या दारावरून, गाव सोडलं. तो बंडीत पडून होता, दोन्ही हातांना बांबूच्या कामट्या बांधलेल्या. मेलेला बैल मारहाणीच्या संध्याकाळीच आम्ही ओढून टाकला होता. दोर हातात घ्यायला गेलो तर माझी मूठ दोराच्या आधीच मिटली. दोर मुठीवर आपटून खाली पडला.

पेरणी आली. मी ज्वारीची मूठ भरायला गेलो. डाव्या हातानं उजवी बोटं उचकटली, दाणे आत ठेवले आणि मूठ चाड्यावर धरली. बैल चालले, तिफण चालली, मी चाललो. पण दाणे सुटेनात. मी बोटांना सांगत होतो, सैल व्हा. बोटं ऐकत नव्हती. मग मधेच एकदम झटका आल्यासारखी उघडत आणि सगळी मूठ एका जागी सांडत. बाबांना वाटलं, पोरगं चेष्टा करून राहिलं. त्यांनी पाठीत गुद्दा घातला. गुद्दा बसताच मूठ इतकी घट्ट मिटली की नखं तळहातात रुतली.

बाकीची बिघडलेली कामं लपतात, पेरणी लपत नाही. वीस दिवसांनी ज्वारी वीतभर वर आली तेव्हा आमच्या वावरात हातहातभर खाडे आणि मधेच गवतासारखे गच्च पुंजके. वावर गावच्या बंडीरस्त्याला लागून. येणारा जाणारा बंडी थांबवून पाहायचा आणि विचारायचा, यंदा काय पाटलांनी आंधळा लावला का पेरायले. बाबांनी त्या वर्षी रस्त्याकडचे चार तास, म्हणजे पेरलेल्या ओळी, मोडून तिथं घाईनं तूर लावली. घड्याळ बंद पडलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मुलगी अकोल्याची, तिच्या वडलांना मुठीबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नाही, कारण आमच्याकडं नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार असते आणि ती त्यानं हळदीपासून सोडायची नसते. नवरदेवानं मूठ आवळलेली असणं म्हणजे शोभाच. मंगळसूत्र बांधताना मी डावा हात पुढं केला, आणि माझ्या मावशीनं चटकन मागून गाठ मारून घेतली. सगळं पार पडलं. कट्यार काढून घेतल्यावरही मूठ तशीच राहिली, हे फक्त माझ्या बायकोनं पाहिलं.

मुठीच्या आत नखांनी जखमा झाल्या होत्या, त्यांना वास यायचा. ती कडुनिंबाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी काडीला गुंडाळून बोटांच्या फटीतून आत घालायची आणि साफ करायची. एक दिवस दुपारी मी ओसरीत झोपलो होतो. उठलो तर ती माझ्या हाताकडं टक लावून बसलेली.

"झोपेत उघडते," ती म्हणाली.

"काय?"

"हात. मोकळा पडला होता, पानासारखा. तुमी जागे झाले अन् मिटला." मग तिनं विचारलं, "याले काय झालं होतं?"

"लकवा," मी म्हणालो. घरात सगळे लकवाच म्हणत होते.

लकव्यावर आमच्याकडं एक उपाय अजूनही लोक सांगतात. जिवंत कबुतर कापायचं आणि त्याचं रक्त गरम आहे तोवर गेलेल्या अंगावर चोळायचं. सासऱ्यांनीच पातूरकडचा एक म्हातारा वैद्य शोधला आणि तो तीन कबुतरं टोपलीत घेऊन आमच्याकडं आला. सकाळची वेळ होती. अंगणात पाट मांडला, घरचे सगळे गोल बसले, माझी बाही वर केली. वैद्यानं पहिल्या कबुतराची मान गुडघ्याखाली धरून चिरली आणि ते माझ्या कोपरावर उलटं धरलं. रक्त मनगटावरून बोटांत उतरलं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. अंगण तेच होतं. मला पऱ्हाटी मोडल्याचा आवाज आला, खरंच कानांनी ऐकू आला. माझा हात खांद्यापासून सुटला आणि वैद्याच्या तोंडावर बसला. तो मागं कलंडला, मी त्याच्या छातीवर, आणि हात वर खाली, वर खाली. त्याचे पुढचे दोन दात गेले, ओठ फाटला. अर्धं कापलेलं कबुतर अंगणात फडफडत गोल फिरत होतं. मला ओढून काढायला चौघं लागले.

आणि आमच्या घरच्यांनी काय करावं? ते खूश झाले. बाबा त्या रक्तबंबाळ म्हाताऱ्याला उठवत म्हणत होते, "पाह्यलं का, हात चालला. वर्षभरात एवढा उचलला नव्हता." वैद्यही असा पक्का की तोंड धरून म्हणाला, गुण आला. उरलेली दोन कबुतरं त्यानं दुसऱ्या दिवशी वापरली. मला त्या वेळी खाटेला बांधलं होतं.

यातून घरानं एक शहाणपण काढलं: याला संताप आला की हात चालतो. म्हणजे हाताला व्यायाम द्यायचा तर याला चिडवायचं. हे मी विनोदानं सांगत नाही, पुढं वर्षभर आमच्या घरात हे औषध म्हणून चाललं. जेवायला बसलो की काका मुद्दाम माझं ताट ओढायचे. बाबा चारचौघांत मला नामर्द म्हणायचे. कुणी मागून टपली मारायचं. मी उसळलो, हात फिरला, कुणाला लागला की सगळे समाधानानं मान हलवायचे. मूठ काही उघडली नाही. ती फक्त मारायला शिकली. दाणा सोडणं तिला जमेना, चहाचा कप धरणं जमेना, सदऱ्याची गुंडी लावणं जमेना, पण माणसाचं तोंड तिला अंधारातही सापडलं असतं.

एक दिवस दुपारी मी पाठमोरा बसलो होतो. बायको चहा घेऊन मागून आली आणि तिनं माझ्या खांद्याला हात लावला. मला कळायच्या आत मूठ फिरली. तिचा जबडा निखळला. चहा तिच्या छातीवर सांडला, कातडी सोलून निघाली. तिला बोलता येत नव्हतं, नुसती हुं हुं करत होती, आणि मी तिच्या तोंडाकडं न पाहता माझ्या मुठीकडं पाहत होतो.

ती पहिली वेळ. तेव्हा हातानं मारलं असं मी म्हणू शकतो. दुसऱ्या वेळी तिनं मीठ जास्त टाकलं होतं, आणि ती समोरून आली होती, मला दिसत होती. तिसऱ्या वेळी काय झालं होतं ते मला आठवतही नाही. त्या दोन्ही वेळा मी मारलं. चौथ्या वेळेची तिनं वाट पाहिली नाही. सकाळच्या बसनं अकोल्याला निघून गेली.

मग मी एकटाच अमरावतीला एका डॉक्टरांकडं गेलो. म्हातारे होते, लढाईत पलटणीबरोबर ब्रह्मदेशाकडं राहून आलेले. त्यांनी माझ्या हातावर छोटी हातोडी मारून पाहिली, सुई टोचून पाहिली, मला हसतखेळत दुसरीकडं बघायला लावून बोटं उघडून पाहिली. म्हणाले, "नस शाबूत आहे. स्नायू शाबूत आहे. लकवा वगैरे काही नाही."

"मंग ढोंग करतो का मी?"

"असं कुणी म्हटलं? लढाईत असे हात पाहिलेत मी. एका शिपायाचं बोट चापावरून निघायचं नाही, बंदूक काढून घेतली तरी बोट वाकडंच. एकाचे पाय गेले होते आणि पायांना ओरखडासुद्धा नव्हता. मोठ्या भीतीचं काही अंगात बसलं की माणूस विसरतो, अंग विसरत नाही. ते तिथंच थांबून राहतं." मग चष्मा काढून पुसत त्यांनी विचारलं, "या हातानं काय केलं होतं?"

"बैलानं शिंग मारलं होतं."

"ते तुम्ही सांगितलं. मी हाताचं विचारलं."

मी उठून उभा राहिलो. त्यांनी औषध दिलं नाही. म्हणाले, ज्या दिवशी सांगावंसं वाटेल त्या दिवशी या. मी शिव्या घालत बाहेर पडलो. पण बस स्टँडवर आठवलं, हेच बायकोनंही विचारलं होतं, आणि मी तिवस्याची गाडी सोडून अकोल्याच्या गाडीत चढलो.

सासऱ्यांचं घर कापूस बाजाराच्या मागं. बायको अंगणात सरकीच्या पोत्यावर बसली होती. मला पाहिल्याबरोबर उठून पोत्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली, मधे अंतर ठेवून. मी तिथंच उभं राहून सगळं सांगितलं. बैल, अंगण, उभारी, त्याचं मनगट, त्याचं न ओरडणं. सांगून झाल्यावर मला वाटलं आता ती रडेल, किंवा जवळ येईल.

ती म्हणाली, "हे मले काहून सांगून राहिले?"

"तूच विचारलं होतं."

"मले जबडा मोडायच्या आधी सांगायचं होतं. आता त्याले सांगा. ज्याले मारलं त्याले. मंग मी येतो का नाही ते पाहू."

तो अकोल्यातच होता, हे मला ठाऊक होतं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. सरकारी कचेरीत नकाशे उतरवून काढायच्या कामावर लागला होता. मी दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला गेलो. आता मनात काय होतं तेही लिहितो, कारण हे सगळं तेच सांगण्यासाठी लिहितो आहे. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्याच्या मागं एकच हिशेब होता: डॉक्टर म्हणाले तसं असेल, तर त्याच्यासमोर बोलून टाकलं की मूठ उघडेल. यंदाची पेरणी माझ्या हातची होईल.

वरच्या मजल्यावर लांब खोली होती. खिडकीशी उंच टेबलावर तो वाकून काम करत होता, पाठ अर्धी माझ्याकडं. त्याचा डावा हात कोपराखाली वाकडा जुळला होता. उजव्या हातात बारीक टाक होता आणि तो पातळ कागदावर नदीची रेघ ओढत होता, केसाएवढी बारीक, कुठं जाड नाही, कुठं तुटलेली नाही. दारात उभा राहून मी ती रेघ पाहत राहिलो. असा हात मी जन्मात पाहिला नव्हता. माझा चांगला होता तेव्हाही त्याच्या पासंगाला पुरला नसता.

त्यानं मान वळवली. मला ओळखलं. चेहऱ्यावर काही झालं नाही, उलट थोडं हसून तो म्हणाला, "या पाटील, इकडं कुठं?"

मी नमस्कारासाठी हात वर केले. डाव्या तळहाताला टेकलेली उजवी मूठ, एवढंच होतं ते.

टाक खाली पडला. त्याचे दोन्ही हात वर गेले आणि डोक्यावर आडवे बसले, त्या दिवशीसारखेच, उजवा वर, डावा खाली. दौत लवंडून शाई नकाशावर पसरली. बाकीच्या टेबलांवरचे लोक पाहायला लागले. आणि त्या दोन हातांच्या खालून तो मघाच्याच शांत आवाजात म्हणाला, "बसा ना. मागं खुर्ची हाय."

मी हात खाली घेतले. त्याचे हात खाली आले नाहीत.

"मी," मी म्हणालो, "मी सांगायला आलो होतो..."

"समजलं मले. सांगा. ऐकून राहिलो मी." खालची शाई टेबलावरून त्याच्या धोतरावर ठिबकत होती, त्याला ती दिसत होती, पण पुसायला हात मोकळा नव्हता. "फक्त लवकर सांगा पाटील. असा कोणी हात उचलला का तो जाईपर्यंत हे खाली येत नाहीत. मी लय पाह्यलं करून."

मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. चुकलो म्हणालो, एवढं नक्की. डोक्यावर हात घेऊन बसलेल्या माणसाला मी चुकलो म्हणालो, आणि त्यानं हातांखालून "बरं" म्हटलं. माफ केलं असं तो म्हणाला नाही.

मी बाहेर आलो. व्हरांड्यातल्या जाळीतून मागं वळून पाहिलं. बऱ्याच वेळानं त्याचा वाकडा हात खाली आला, मग उजवा. त्यानं टिपकागद घेतला, शाई टिपली, बिघडलेला नकाशा गुंडाळून बाजूला ठेवला आणि नवा कागद टेबलावर टाचला.

बायको पुढं दोन महिन्यांनी आली, आणि आज एवढी वर्षं झाली तरी ती माझ्या डाव्या बाजूनंच चालते. पण त्या दिवशीचं एक मी तिलाही कधी सांगितलं नाही. तिथून निघालो आणि कचेरीच्या जिन्यात, चौथ्या की पाचव्या पायरीवर, मी थांबलो आणि उजवा हात डोळ्यांसमोर धरून पाहिला, मूठ उघडली का म्हणून.